आठवीसाठी गुलाब, सूचनांसह

ललिता मॅडमनी मला स्टाफरूममध्ये बोलावून बसायला खुर्ची दिली, तेव्हाच मला संशय आला. आमच्या शाळेत विद्यार्थ्याला खुर्ची दोनच प्रसंगी मिळते. एक तर प्रार्थनेत चक्कर आल्यावर, नाहीतर घरी फोन लावून झाल्यावर.

“दिशा, तू आता दहावीत आलीस,” मॅडम म्हणाल्या. त्या आमच्या पर्यवेक्षिका. बोलण्याची सुरुवात त्या नेहमी समोरच्याला माहीत असलेल्या गोष्टीने करतात, म्हणजे वाद होत नाही. “यंदा आठवीला बाहेरच्या शाळांतून बरीच मुलं येतायत. काही खेड्यांवरची आहेत. बावरतात बिचारी. तर स्वागत समारंभात त्यांना मार्गदर्शन करायचंय. माध्यमिक शाळेत यशस्वी कसं व्हावं आणि संतुलन कसं राखावं.”

“कोणी?”

“तू. गॅदरिंगमध्ये काय धीटपणे बोलली होतीस.”

हे खरं आहे. गॅदरिंगच्या दिवशी निवेदन करणाऱ्या मुलीचा घसा बसला आणि कोणीतरी मला माइकपुढे ढकललं. तोपर्यंत मी वर्गात हजेरी द्यायलासुद्धा नुसता हात वर करायची. त्या दिवशी मला माझा आवाज सापडला आणि आईच्या म्हणण्याप्रमाणे तेव्हापासून घरात दुसऱ्या कोणाचा आवाज ऐकूच आला नाही. पण यशस्वी? यशस्वी म्हणजे स्नेहा. पाचवीपासून पहिली. आणि संतुलनाचं म्हणाल तर त्याच आठवड्यात मी सायकलसकट मेथीच्या वाफ्यात गेले होते.

“मॅडम, मग स्नेहा का नाही?” मी विचारलं.

मॅडमनी खिडकीबाहेर पाहिलं. मग इकडचं तिकडचं विचारावं तसं विचारलं, “तुमचं मखमलाबादला गुलाबाचं पॉलिहाउस आहे ना गं?”

असं होतं तर.

मी तिथल्या तिथे बाणेदारपणे नकार देणार होते. वाक्यही तयार होतं. पण मला घरी बसलेली वैष्णवी आठवली आणि ते वाक्य मी गिळलं.

वैष्णवी माझ्या मामाची मुलगी, हरसूलची. तिकडे सातवी झाली आणि मामाने तिला पुढच्या शिक्षणासाठी आमच्याकडे, आमच्याच शाळेत आठवीला घातलं. जाताना मामा आईला म्हणाला होता, “पोरीचं मन नाय लागलं तं सांग, बाजाराच्या गाडीनं घेऊन जातो.” हे वैष्णवीने ऐकलं होतं. त्यामुळे तिने आपली निळी बॅग उघडलीच नाही. म्हणजे रोज सकाळी चेन थोडीशी ओढायची, आतून एक ड्रेस उपसायचा, चेन परत बंद. माझ्या कपाटातला एक आख्खा कप्पा मी तिच्यासाठी रिकामा केला होता, खाली नवा पेपरसुद्धा घातला होता. तिने कप्प्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि बॅग पलंगाखाली आणखी आत सरकवली.

शाळेबद्दल तिला काहीही सांगितलं की ती एकच प्रश्न विचारायची, “खरंच?” तो ‘खरंच’ आनंदाचा नव्हता, पोलिसी होता. “आमच्याकडे लायब्ररी आहे.” “खरंच?” “बाई मारत नाहीत.” “खरंच?” तिसऱ्या ‘खरंच’ला मला स्वतःलाच शंका यायला लागायची. मला बहीण नाही, आणि ही जावी असं मला मुळीच वाटत नव्हतं. म्हणून मी ठरवलं, स्वागत असं करायचं की या मुलीने त्याच संध्याकाळी बॅग रिकामी केली पाहिजे.

नुसता गुलाब द्यायचा तर तो कोणीही देतं. मी मॅडमना म्हटलं, प्रत्येक गुलाबाच्या देठाला एक चिठ्ठी बांधू आणि प्रत्येक चिठ्ठीवर एक कामाची गोष्ट लिहू. मॅडमना कल्पना फार आवडली. ती त्यांना इतकी आवडली की दुसऱ्या दिवशी परिपाठात ती त्यांची झाली होती.

आता एवढ्या कामाच्या गोष्टी मला एकटीला कुठून माहीत असणार? मी मळ्यात आणि शेजारी विचारायला सुरुवात केली. ही चूक होती. सल्ला मागायचा तर एका माणसाकडे मागावा. गावभर मागितला तर तो पुढे आठवडाभर गेटमधून आपणहून येत राहतो.

शेजारचे शेखरकाका एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात आहेत. त्यांना संतुलन म्हटलं की फक्त लोड दिसतो. “लिहून घे,” ते म्हणाले. “सगळा लोड एका फेजवर टाकू नये. गणित, विज्ञान, खेळ, तीन फेज. एक फेज गेला तरी दोन चालू.”

“पण काका, आठवीच्या मुलांना फेज कसं कळणार?”

“मग मोटार जळल्यावर कळेल,” काका म्हणाले आणि हेल्मेट घालून ड्युटीवर गेले.

आमचे आबा, म्हणजे माझे आजोबा खंडेराव, मीटर लावल्यासारखं मोजकं बोलतात. “थोडं पाणी द्या, पण रोज द्या,” एवढंच म्हणाले आणि परत ठिबकच्या नळीत काडी घालायला लागले. आईने डबा संपवण्यावर पाच-सहा सल्ले दिले. ते सगळे माझ्याकडे बघून दिले. पॉलिहाउसात फुलं काढायला येणाऱ्या भागीबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, “सांगून कोण ऐकतं? तू ऐकती का?” हा सल्ला मी चिठ्ठीवर घेतला नाही.

मी माझ्याही काही गोष्टी लिहिल्या. त्यातली पहिली, मी स्वतः आठवीत आले तेव्हा मला कोणीतरी सांगायला हवी होती ती: ‘मुलींचं संडास कुठे आहे ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या. लाजू नका. संध्याकाळपर्यंत थांबून राहणं हा अभ्यास नव्हे.’

मॅडमनी सगळ्या चिठ्ठ्या तपासायला घेतल्या. त्यांच्या लाल पेनाखालून आबांचं पाणी गेलं ते ‘नियमितता अंगी बाणवावी’ होऊन बाहेर आलं. शेखरकाकांचे तीन फेज ‘सर्वांगीण विकास साधावा’ झाले. माझ्या पहिल्या चिठ्ठीवर पेन बराच वेळ थांबलं.

“अगं, गुलाबाला हे बांधणार?”

“मॅडम, पण तेच तर...”

“समारंभ आहे दिशा. प्रमुख पाहुणे असतील.” आणि त्यावर तिरकी रेघ आली.

मला तेव्हाच कळायला हवं होतं की आता चिठ्ठ्यांत कामाचं काही उरलं नाही. पण माझं लक्ष ऑफिसकडे होतं, कारण ऑफिसमधून निरोप आला होता की गुलाब अडकले आहेत.

ऑफिसात देवराम भाऊसाहेब बसतात. भाऊसाहेब वाईट नाहीत. त्यांचा फक्त कोणावर विश्वास नाही. “गुलाब फुकट देताय म्हणे,” ते चष्म्यावरून बघत म्हणाले. “का?”

“आमचेच आहेत. भेट म्हणून.”

“भेट कोण कशाला देतं?” ते स्वतःशी म्हणाले. मग फाइल उघडली. “शाळेत वस्तू येणार म्हणजे तीन कोटेशनं लागतात. नियम आहे.”

“पण विकत घेत नाही आहोत ना.”

“म्हणूनच जास्त संशय येतो.”

मी घरी आले. आबांनी शून्य रुपयांचं कोटेशन दिलं. शेजारच्या मळ्यातल्या सुलाबाईंनी आबांच्या शब्दाखातर शून्याचं दिलं. त्यांच्या मळ्यात गुलाब नाहीत, कोथिंबीर आहे, पण हे भाऊसाहेबांनी विचारलं नाही. तिसरं शेखरकाकांनी दिलं, त्यांच्या कुंडीतल्या एका झाडाच्या भरवशावर. तिन्ही कागद समोर ठेवल्यावर भाऊसाहेबांनी ते पुढे-मागे करून बघितले.

“तिन्ही शून्य.”

“हो.”

“मग यात सगळ्यांत कमी कोणाचं धरायचं?”

शेवटी आबांचं अक्षर जास्त चांगलं म्हणून आबांना मंजुरी मिळाली. घरी येऊन हे सांगितलं तर वैष्णवी म्हणाली, “खरंच?” आणि पहिल्यांदाच तिच्या ओठाचा एक कोपरा जरासा हलला. मी ते मनात नोंदवून ठेवलं.

समारंभाच्या आदल्या संध्याकाळी आम्ही चिठ्ठ्या बांधल्या. मदतीला स्नेहा आली. आपणहून. पहिली येणारी मुलगी परीक्षेला सबंध वर्ष बाकी असताना आपणहून मळ्यात येते, देठाला दोरा बांधते आणि वर “किती छान कल्पना आहे गं” म्हणते, यावर काय समजायचं? मी तिच्यावर बारीक लक्ष ठेवलं. शेखरकाका कुंपणापाशी आले, गुलाब किती आहेत, कुठे ठेवणार, सकाळी किती वाजता नेणार, सगळं विचारून गेले. वीज खात्याला हे कशाला हवं? तेही मी लक्षात ठेवलं. वैष्णवी ओट्यावर बसून आमच्या तिघांवर लक्ष ठेवून होती. अशा वातावरणात काम उत्तम होतं. गठ्ठे बांधून झाले, देठ बरोबरीत कापून झाले, भागीबाईंनी शिकवलं तसं मी त्यांना पुठ्ठ्याच्या कागदात गुंडाळलं, म्हणजे पाकळ्या चुरगळत नाहीत. मग पाण्याच्या बादल्यांत उभे करून, सकाळी विसरू नये म्हणून दाराशी ठेवले.

सकाळी दाराशी फक्त ओले गोल डाग होते. बादली जिथे जिथे होती तिथे तिथे एकेक.

मी आधी किंचाळले नाही. आधी विचार केला. स्नेहा. पण स्नेहा राहते शहरात, द्वारका चौकाजवळ, पहाटे एवढ्या लांब येऊन बादल्या सायकलवर नेणार कशी? मग मला कुंपणापलीकडे शेखरकाकांची स्कूटर दिसली. पायदानावर लाल पाकळी पडली होती. मी तशीच दात घासायचा ब्रश हातात घेऊन गेटातून आत गेले.

“काका, गुलाब.”

काका दचकले. इतके दचकले की माझी खात्रीच पटली. “हळू बोल,” ते म्हणाले, “काकू उठेल.”

“कुठे आहेत?”

“एकच घेतला गं, काल संध्याकाळी. आज आमच्या लग्नाचा वाढदिवस. दरवर्षी विसरतो.” त्यांनी फ्रिज उघडून दाखवला. दुधाच्या पातेल्यामागे, एका ग्लासात, एक गुलाब होता. त्याला चिठ्ठी होती: ‘शिक्षकांच्या सूचना शांतपणे ऐकून घ्याव्यात.’ “हे मात्र तू फार बरोबर लिहिलंस,” काका म्हणाले.

मी परत आले तर आबा ओट्यावर चहा पीत होते. आणि तेव्हा मला ओला डाग, दार, बादली आणि आबा हे सगळं एका रांगेत दिसलं.

आमच्या घरात एक नियम आहे, तो कोणी कोणाला शिकवत नाही. जो माल बांधून, पाण्यात घालून, दाराशी ठेवलेला असतो, तो बाजाराचा. पहाटे गल्लीतला टेम्पो हॉर्न देतो, जो जागा असेल तो दाराशी ठेवलेलं सगळं उचलून आत टाकतो. विचारायची गरज पडत नाही, म्हणून तर दाराशी ठेवतात. पप्पा रोपं आणायला बाहेरगावी गेलेले, त्यामुळे जागे होते आबा.

“आबा, दाराशी माझे गुलाब होते.”

आबांनी बशी खाली ठेवली. “दाराशी तं माल होता.”

“तो माल नव्हता, मार्गदर्शन होतं.”

“कागदात गुंडाळलेलं होतं ना? मला काय दिसतंय आतलं,” आबा म्हणाले. मग हळूच, “लय भारी बांधले होते गं. मी म्हटलं, भागीबाईचा हात सुधारला.”

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. बाजारातला व्यापारी. त्याचं बोलणं मला लांबूनही ऐकू येत होतं. “खंडूभाऊ, माल चांगला आहे पण फुलं बोलायला लागलीत तुमची.” माल हातोहात गेला होता. त्याचं पुढे काय झालं ते त्याने दुसऱ्या दिवशी सांगितलं. एक गठ्ठा लग्नाच्या स्टेजवर गेला होता, आणि नवऱ्यामुलाने सगळ्यांसमोर वाचून दाखवलं होतं: ‘नवीन वातावरणाला घाबरू नये. न समजल्यास लगेच विचारावे.’ म्हणे सासूबाईंनी ती चिठ्ठी पर्समध्ये ठेवून घेतली. दुसरा गठ्ठा कुठल्याशा साहेबांच्या निवृत्ती समारंभाला गेला. त्यांच्या हारातून निघालं: ‘आता खरी सुरुवात आहे, वेळ वाया घालवू नका.’ साहेब गहिवरले म्हणे. अख्खं नाशिक माध्यमिक शाळेत यशस्वी व्हायला निघालं होतं, आठवी सोडून.

पॉलिहाउसात उरलेल्या कळ्या बोटाएवढ्या. आबा उठले, कुंपण ओलांडून गेले आणि सुलाबाईंच्या मळ्यातून काय होतं ते घेऊन आले. शून्य रुपयांचं कोटेशन त्यांनी दिलंच होतं.

अशा रीतीने आमच्या शाळेत आठवीच्या नव्या विद्यार्थ्यांचं स्वागत कोथिंबिरीच्या जुड्या देऊन झालं.

गेटवर भाऊसाहेबांनी टेम्पो अडवला. “मंजुरी गुलाबाची आहे.”

“भाऊसाहेब, हीपण हिरवीच आहे.”

“ही भाजी आहे. भाजी पोषण आहाराच्या खात्यात जाते. खातं बदलतं.” शेवटी ललिता मॅडम आल्या, त्यांनी कोथिंबिरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि घड्याळाकडे पाहिलं. घड्याळामुळे आम्ही आत गेलो. प्रमुख पाहुण्यांना पहिली जुडी दिली. त्यांनी तिचा वास घेऊन बघितला आणि ती शेवटपर्यंत खाली ठेवली नाही.

आता मी माइकपुढे. हातात चिठ्ठ्या नाहीत, पाठ केलेलं भाषण तीन फेजसकट डोक्यातून गेलेलं. समोर आठवीची मुलं, प्रत्येकाच्या मांडीवर एक जुडी, सगळी जण मंडईत बसल्यासारखी. डावीकडे मागच्या रांगेत वैष्णवी. तिने जुडी धरली नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, तिच्या त्या ‘खरंच?’च्या नजरेने. मला कळलं की मी आता ‘नियमितता अंगी बाणवावी’ म्हटलं तर ही आज घरी जाऊन थेट मामाला फोन लावणार.

“मुलींचं संडास,” मी म्हणाले, आणि माइक जरा जास्तच चांगला होता, “जिन्याखालून उजवीकडे आहे.”

ललिता मॅडमनी डोळे मिटले.

“मुलांचं मैदानाच्या टोकाला. मधल्या सुट्टीत गर्दी होते, तर तासाला जायचं असलं तर विचारायचं, सर पाठवतात. पाण्याच्या टाकीचा शेवटचा नळ घ्या, पहिल्याला दाब नाही. पहिल्या दिवशी कोणी बोललं नाही तर ते तुमच्यावर रागावलेत असं नसतं, तेही तुमच्यासारखेच आठवीत असतात. मी आठवीत आले तेव्हा दिवाळीपर्यंत कोणाशी बोलले नव्हते. मग शेजारच्या बाकावरच्या मुलीने माझ्या डब्यातली भाजी मागितली.” ती स्नेहा होती. हे मला तिथे उभ्या उभ्याच आठवलं, आणि काल संध्याकाळचं माझं ते बारीक लक्ष मला जरा टोचलं. “एवढंच. कोणाला काही विचारायचंय?”

कोणी कधी विचारत नाही. हा प्रश्न भाषण संपलं हे कळावं म्हणून असतो. पण मागच्या रांगेत एक हात वर झाला. अर्धाच, कोपरापर्यंत.

“दिशाताई,” वैष्णवी म्हणाली. आवाज लहान होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. “आतून कडी लागती का? खरं सांग.”

मुलं हसली. पण मुली हसल्या नाहीत. मुलींच्या रांगा एकदम ताठ झाल्या आणि माझ्याकडे बघायला लागल्या, आणि मला समजलं की हाच एक प्रश्न सगळ्या जणी घरून घेऊन आल्या होत्या.

मी पाहुण्यांकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं, आणि खरं सांगितलं. “दुसऱ्याची आणि तिसऱ्याची लागते. पहिल्याची तुटलीय. तिथे मैत्रिणीला बाहेर उभं करायचं. मैत्रीण नसली तर मला हाक मारा, मी दहावी अ मध्ये बसते.”

मग हात वरच यायला लागले. सायकल कुठे लावायची, बूट काळेच लागतात का, गणिताला कोण आहे, ते ओरडतात का. मी ऐकत होते, सांगत होते, आणि माहीत नसलं की स्नेहाला विचारत होते. ती खालून ओरडून सांगत होती. प्रमुख पाहुण्यांना बोलायला वेळच उरला नाही. ते जाताना म्हणाले, अशी ताजी कोथिंबीर त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती.

घरी येताना मी वैष्णवीला काही विचारलं नाही. जास्त विचारलं की ती बॅग आणखी आत सरकवते.

पुढचे दोन-तीन दिवस मला तिचा दाट संशय येत होता. मधल्या सुट्टीत ती गायब व्हायची. मी जिन्याखाली पाहिलं, नाही. टाकीपाशी पाहिलं, नाही. शेवटी सापडली ऑफिसच्या दारात, देवराम भाऊसाहेबांसमोर, पाठीमागे हात बांधून उभी.

“पहिल्या संडासाची कडी,” ती म्हणत होती.

“अर्ज दिला आहेस. बघू.”

“बघून झालं. मी रोज बघती.”

भाऊसाहेबांनी चष्मा काढला. “कडी विकत घ्यायची तर तीन कोटेशनं लागतात बाळ.”

“खरंच?” वैष्णवी म्हणाली. आणि मी शपथेवर सांगते, भाऊसाहेबांना त्या ‘खरंच’वर स्वतःच्याच नियमाची शंका आली. त्यांनी फाइल उघडून बघितली.

त्याच संध्याकाळी मी खोलीत आले तर पलंगावर निळी बॅग उघडी. पूर्ण उघडी. येताना दाराशी मामाची चप्पल दिसली होती. बाहेर मामा आईशी बोलत होता. बाजाराची गाडी आली होती तर.

“चाललीस?” मी विचारलं. मला धीटपणे विचारायचं होतं. तसं निघालं नाही.

“हां. हरसूलला.” ती बॅग उलटी करून झटकत होती. आतून शेंगांची फोलं पडली. “उद्या बाजार हाय. तिकडं लोहार बसतो, त्याची कडी तुटत नाय. भाऊसाहेबांना तीन कोटेशनं पाहिजे. एक लोहार देईल, एक त्याचा भाऊ. तिसरं आबांकडून घेऊ, ते शून्यात देतात.”

“मग बॅग कशाला?”

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की ही दहावीपर्यंत पोचली कशी.

“लोखंड हाय ताई. कडी, बिजागऱ्या, आणि मुलींनी सांगितलं तिसऱ्याचं दारबी हलतं. रिकामी नको का?”

मी कपाट उघडलं. माझा तो रिकामा कप्पा भरलेला होता. खालचा कप्पाही भरलेला होता. तो माझा होता.

“आणि माझे कपडे?”

“पलंगाखाली,” वैष्णवी म्हणाली. “तू बाहेर राहती सारखी, तुला कप्पा काय करायचा.”